शेख आडनावाचा माणूस कसा शोधावा

शेख आडनावाचा माणूस शोधायचा असेल तर आडनावावरून शोधू नये. आमच्या भागातल्या पोस्टमनला, रेशन दुकानदाराला आणि शाळेच्या क्लार्कला हे कुणी शिकवावे लागत नाही. मंद्रूपच्या बाजारात उभे राहून "शेख कुठे राहतात?" असे विचारले, तर समोरचा उलट विचारतो, "कोणते शेख?" मुजावर, तांबोळी, अत्तार, नदाफ, बागवान, कोतवाल ही आडनावेही आमच्यात आहेत. एखाद्या गावात त्यांतल्या काहींचे एखाददुसरेच घर असते, तिथे आडनाव सांगितले की पत्ता सापडतो. शेख म्हटल्यावर मात्र काही सांगितल्यासारखेच होत नाही.

शाळेत हे नेहमी दिसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस दाखल्याची नक्कल मागायला येतो. कपाटात जनरल रजिस्टरांची चळत असते. आमचे क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्याला आधी आडनाव विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या साली नाव घातलं होतं?" साल आठवत नसेल तर, "पाठचा भाऊ कितवीत होता तेव्हा?" रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने लिहिलेले असते, त्यामुळे साल कळले की एक वही आणि तिची चार-सहा पाने, एवढ्यावर काम येते. शेख मात्र प्रत्येक वहीत, जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. आणि "मुलगा की मुलगी?" हा प्रश्न भाऊसाहेब विचारतच नाहीत, कारण त्याचे उत्तर मिळूनही निम्मी चळत शिल्लक राहते.

भाऊसाहेब जे करतात तेच काम डेटाबेसमध्ये एक यंत्रणा सेकंदाच्या काही भागात करते आणि तिला ऑप्टिमायझर म्हणतात, हे मला माझ्या भाच्याकडून कळले. तो सोलापुरात कॉम्प्युटर शिकला, आता पुण्यात डेटाबेसचेच काम करतो. ईदच्या सुट्टीत आला होता. आम्हा शिक्षकांचा बराच वेळ हल्ली ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. शोधायच्या चौकटीत एखादे आडनाव टाकले की नावे झटकन येतात आणि 'शेख' टाकले की चक्र फिरत राहते, असे का, एवढेच मी त्याला विचारले होते.

"खाला, त्याला आधीच माहीत असतं की शेख खूप आहेत," तो म्हणाला.

"शोधायला निघायच्या आधीच?"

"निघायच्या आधीच."

मला हे चमत्कारिक वाटले. अजून एकही ओळ वाचलेली नाही आणि शेख किती हे ठाऊक आहे! मग त्याने लॅपटॉप उघडून मला जे समजावले, ते माझ्या भाषेत सांगते.

समजा, एका टेबलात एक लाख माणसांची नावे आहेत. टेबल म्हणजे आपले रजिस्टर. त्याच्या एका पानावर शंभर नावे मावतात, म्हणजे एकूण हजार पाने. सोबत आडनावांचा एक इंडेक्स आहे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा: अमुक आडनाव अमुक पानावर. आता समजा त्यात अठरा हजार शेख आहेत आणि चाळीस मुजावर. मुजावर शोधायचे असतील तर सूची बघावी, चाळीस ठिकाणी जावे, काम झाले. अठरा हजार शेख हजार पानांवर विखुरलेले असतील तर सरासरी प्रत्येक पानावर अठरा येतात. म्हणजे सूची बघूनही सगळीच पाने उघडायची आहेत. मग सूची कशाला? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत गेलेले बरे. सूचीवरून मागे-पुढे उड्या मारत पाने उघडणे महाग पडते. पोस्टग्रेस नावाचा जो मोफत डेटाबेस भाचा वापरतो, त्यात ओळीने वाचलेल्या पानाचा खर्च १ धरला तर उडी मारून उघडलेल्या पानाचा खर्च मुळात ४ धरलेला असतो. म्हणजे शेख सरळ वाचले तर हजार, मुजावर सूचीवरून शोधले तर फार तर एकशे साठ. सवाल एकच, फक्त आडनाव बदलले, तर रस्ता बदलतो. पुस्तकाच्या सूचीत 'आणि' हा शब्द कुणी का घालत नाही, हे मुलांना सांगायला मला एक चांगले उदाहरण मिळाले.

पण शेख अठरा हजार आणि मुजावर चाळीस हे कळले कसे? डेटाबेस प्रत्येक कॉलमची थोडक्यात आकडेवारी काढून ठेवतो. त्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किंमती किती, रिकाम्या जागा किती, सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किंमती कोणत्या आणि त्यांचे प्रमाण काय. पोस्टग्रेस अशा नेहमीच्या किंमतींची यादी साधारण शंभरपर्यंत ठेवतो आणि उरलेल्यांचे, कुठून कुठपर्यंत किती, असे सारख्या मापाचे कप्पे पाडतो. आणखी एक आकडा तो ठेवतो, जो भाऊसाहेबांना फार आवडला असता: कॉलमचा क्रम आणि प्रत्यक्ष पानांचा क्रम किती जुळतो. आमच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाचे साल आणि पाने अगदी हातात हात घालून चालतात, आडनाव आणि पाने यांचा काही संबंध नाही.

ही आकडेवारी काढायला सगळे टेबल वाचत नाहीत. टेबलात लाख ओळी असोत की दहा कोटी, पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगला सुमारे तीस हजार ओळी इकडून तिकडून उचलतो आणि त्यांवरून अंदाज बांधतो. शितावरून भाताची परीक्षा. मात्र शीत पातेल्याच्या एकाच कडेचे नको, ढवळून घेतलेले हवे. नमुना कसा उचलावा म्हणजे तो साऱ्या पातेल्याबद्दल खरे बोलेल, हे एक पूर्ण शास्त्र आहे आणि त्यात एक मोठे नाव आपल्या सातारा जिल्ह्यातले आहे. बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या नमुना पाहणीचे शास्त्र उभारण्यात आयुष्याचा मोठा काळ घातला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम पाहिले. भाच्याने कॉलेजात अभ्यासलेल्या डेटाबेसच्या जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, मुंबईच्या आयआयटीत शिकवत आले आहेत आणि रस्ता निवडण्याचा हाच प्रश्न त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. विषय वाटतो तितका परका नाही.

सुरुवातीला मात्र ही आकडेवारी फार भाबडी होती. १९७९ मध्ये आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्चाच्या अंदाजावरून रस्ता निवडण्याची पद्धत मांडली. आजचे बहुतेक ऑप्टिमायझर तिचेच वंशज आहेत. त्यात वेगवेगळ्या किंमती किती एवढे माहीत असले तर सगळ्यांचा वाटा सारखा धरायचा आणि तेही माहीत नसेल तर दहात एक असा ठोकताळा. आपल्या टेबलात पाचशे आडनावे आहेत असे धरले तर प्रत्येकाला दोनशे माणसे आली. शेखांनाही दोनशे, मुजावरांनाही दोनशे. एकाच्या बाबतीत अंदाज नव्वदपट कमी, दुसऱ्याच्या बाबतीत पाचपट जास्त. म्हणून पुढे नेहमीच्या किंमतींच्या याद्या आणि कप्पे आले.

आजही अंदाज दोन कारणांनी हमखास बिघडतो. पहिले कारण शिळेपणा. टेबलात नव्या ओळी येत राहतात आणि आकडेवारी कालचीच राहते. पोस्टग्रेस साधारण दहावा हिस्सा ओळी बदलल्या की आपणहून पुन्हा मोजदाद करतो. आपल्या देशाची मोजदाद दर दहा वर्षांनी होत असे. २०११ नंतरची २०२१ मध्ये झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणार अशी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. २०११ मध्ये पहिलीत असलेले मूल आज मतदार झाले आहे, आणि त्याच्या मोहल्ल्याबद्दल बोलताना आपण अजून तेव्हाचेच आकडे देतो.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. दोन अटी एकत्र आल्या की ऑप्टिमायझर त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून गुणाकार करतो. समजा, दहा लाख ओळींच्या टेबलात दक्षिण सोलापूर तालुक्याच्या दहात एक ओळी आहेत आणि मंद्रूपच्या शंभरात एक. 'तालुका दक्षिण सोलापूर आणि गाव मंद्रूप' असे विचारले की तो हजारात एक, म्हणजे एक हजार ओळी येतील असे मानतो. प्रत्यक्षात येतात दहा हजार, कारण मंद्रूप म्हटले की दक्षिण सोलापूर आलेच. हे दोन कॉलम बांधलेले आहेत हे त्याला आपण होऊन कळत नाही. २०१७ च्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये माणसाला तसे सांगता येते, पण सांगावे लागते. मोहल्ल्यातले मूल अभ्यासात मागे का, याचा हिशोब करतानाही आपण घरची कमाई एकीकडे, माध्यम दुसरीकडे, घरातली जागा तिसरीकडे ठेवतो. त्या गोष्टी एकाच घरात एकत्र राहतात, हे ध्यानात आणून देणारा कुणीतरी लागतो.

इथपर्यंत मी नवी माहिती मिळाल्याच्या आनंदात ऐकत होते. मग मी विचारले, "अंदाज चुकला तर? त्याला वाटलं दोनशे शेख आहेत आणि निघाले अठरा हजार, तर बाकीचे सुटतात का?"

भाचा हसला. "सुटतील कसे? उशीर होईल. उत्तर तेच येणार."

त्याच्या दृष्टीने ही इतकी साधी गोष्ट होती की ती सांगायचीही त्याला गरज वाटली नव्हती. माझ्या मात्र ती मनात रुतून बसली. आकडेवारी फक्त रस्ता निवडते. एकदा रस्ता ठरला की तिचे काम संपते. त्यानंतर प्रत्येक ओळ उघडून पाहिली जाते, तिच्यावर खरोखर काय लिहिले आहे ते वाचले जाते आणि ती ओळ उत्तरात घ्यायची की नाही हे त्या लिहिलेल्यावरूनच ठरते. "बहुतेक शेख असे असतात, तेव्हा हाही असेल" असे म्हणून डेटाबेस एकही ओळ उत्तरात घालत नाही की वगळत नाही. अंदाज कितीही फसला तरी किंमत वेळेची मोजावी लागते, ओळीला ती मोजावी लागत नाही.

माणसांच्या व्यवहारात हे उलटे होते. माझी एक विद्यार्थिनी बारावीनंतर पुण्याला शिकायला निघाली. तिच्या वडिलांना फोनवर मराठी बोलताना संकोच वाटतो, म्हणून खोलीसाठी त्यांनी मला फोन करायला सांगितले. घरमालकांशी छान बोलणे झाले. मुलगी कोणत्या शाखेला आहे, जेवणाची सोय काय, सगळे झाले. भाडे ठरले. माझ्या मराठीचे त्यांनी कौतुकही केले. शेवटी नाव विचारले. मी मुलीचे नाव सांगितले, आडनाव शेख. "घरच्यांशी बोलून कळवतो," म्हणाले. कळवले नाही. त्या मुलीला बारावीत किती गुण होते, ती पहाटे उठून अभ्यास करते, घरात मोठ्याने बोलतसुद्धा नाही, हे सगळे तिच्या ओळीवर लिहिलेले होते. ती ओळ उघडलीच गेली नाही. एका कॉलमच्या अंदाजावर उत्तर ठरले.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती आपलीच आहे. त्याच मुलीच्या नात्यातल्या काही जणांनी तिच्या वडिलांना सुनावले होते, "पुण्याला गेलेल्या पोरी हाताबाहेर जातात." तिथेही तिची ओळ कुणी वाचली नव्हती. मराठी शाळेत घातलेला मुलगा दीनपासून तुटतो, उर्दू शाळेतला नोकरीला निरुपयोगी होतो, ही वाक्ये आमच्याच अंगणात बोलली जातात. घरमालकाला पूर्वग्रहाचा दोष देताना ही वाक्ये आपण अनुभवाच्या नावाखाली खपवतो.

बरे, हे अंदाज ज्या आकड्यांवर उभे असतात ते तरी त्याच टेबलाचे असतात का? २००१ च्या जनगणनेत देशभरातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि देशाची एकूण ६४.८. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची एकूण ७६.९. म्हणजे इथे आपण सरासरीच्या किंचित पुढे होतो. डेटाबेस एका टेबलाची आकडेवारी दुसऱ्याला लावत नाही, आपण ती सर्रास लावतो. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर वर्षानुवर्षे हेच सांगत राहिले की मुस्लिम समाज हा एकजिनसी गोळा नाही, त्यात जाती आहेत, प्रदेश आहेत, भाषा आहेत, धंदे आहेत.

याचा अर्थ आकडे नकोत असा कुणी काढू नये. आकडे हवेतच. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आला नसता तर किती गोष्टी नुसत्या तक्रारी म्हणून उडवून लावल्या गेल्या असत्या. महाराष्ट्रासाठी नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये दाखवून दिले की शाळेत आलेली आपली मुले पुढे कॉलेजपर्यंत पोचताना गळत जातात. वसतिगृह कुठे बांधायचे, शिष्यवृत्ती कोणत्या टप्प्यावर वाढवायची, हे अशा आकड्यांनीच ठरायला हवे. ते रस्त्याचे प्रश्न आहेत. खोली द्यायची की नाही, नोकरी द्यायची की नाही, मुलगी पुढे शिकेल की नाही, हे एकेका ओळीचे प्रश्न आहेत.

काही वेळा प्रत्येक ओळ उघडणे परवडत नाही, हेही खरे. आमच्याकडचा शेतकरी हे जाणतो. पीक विम्यात महसूल मंडळातल्या काही शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर साऱ्या मंडळाची भरपाई ठरते. ज्याची ज्वारी पार बसली त्यालाही तीच, ज्याची तरली त्यालाही तीच. प्रत्येक बांधावर जाऊन मोजायला माणसे कुठून आणायची, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. पण तिथे निदान सगळ्यांना ठाऊक असते की ही सरासरी आहे. घरमालकाच्या बाबतीत अडचण पैशांची नव्हती. ती मुलगी कशी आहे हे विचारायला अजून एक मिनिट लागले असते.

शिक्षकाला दोन्ही कामे करावी लागतात, म्हणून मला हा विषय जवळचा वाटला. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठी शिकवताना मी सुरुवात नपुंसकलिंगापासून करते. उर्दूत लिंगे दोनच, त्यामुळे 'तो पुस्तक', 'ती झाड' हे बहुतेकांच्या तोंडून येते. मग 'ळ' घेते. मग 'चमचा' आणि 'चहा' यांतला वेगवेगळा 'च'. हा क्रम इतक्या वर्षांच्या मुलांच्या अंदाजावर ठरलेला आहे आणि तो ठेवल्याने वेळ वाचतो. पण वही तपासायला घेतली की अंदाज बाजूला. मंद्रूपसारख्या गावातले एखादे मूल शेजारच्या मराठी आणि कन्नड घरांत खेळून 'ळ' आधीच घोटून आलेले असते.

पोस्टग्रेसमध्ये एक आज्ञा आहे. ती दिली की डेटाबेस आपल्या अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा छापून दाखवतो: इतक्या ओळी येतील असे वाटले होते, इतक्या आल्या. आपलाच अंदाज खऱ्याशेजारी उघडा मांडण्याची ही पद्धत मला फार आवडली. यंदा जूनमध्ये मी वर्गाच्या वहीत दोन रकाने आखले. पहिल्या आठवड्यात मुलांचे नुसते बोलणे ऐकून मराठी किती येत असेल ते डावीकडे लिहिले. ऑगस्टमध्ये श्रुतलेखन आणि वाचन घेऊन प्रत्यक्ष उजवीकडे. दोन्ही रकाने सगळ्यांचे जुळत नाहीत, आणि ते जुळावेत म्हणून मी ते आखलेलेही नाहीत. कोणत्या मुलाला काय शिकवायचे राहिले आहे ते उजव्या रकान्यावरून कळते. पुढच्या वर्षी कुठून सुरुवात करायची ते डावा आणि उजवा मिळून सांगतात. प्रगतिपुस्तकात जाते ते फक्त उजवीकडचे.